लाईन

त्या रात्री अडीचला तांब्या हातातून सुटला
आणि अण्णांचे शब्द सांडले सगळे.
मिरजेच्या दवाखान्यात चौथ्या दिवशी
डोळे उघडून त्यांनी छताला सांगितलं,
लाईन.

आईला वाटलं, ड्युटीचं काहीतरी.
छत्तीस वर्षं लाईनमन होते बाळगोंडा मगदूम,
भिलवडी ते अंकलखोप, उसातनं, चिखलातनं.
'चालू हाय लाईन,' ती म्हणाली, 'तुम्ही पडा.'
अण्णांनी मान हलवली, डावीकडं तेवढीच हलते.
लाईन, ते म्हणाले. लाईन, लाईन.

सहा महिने झाले. घरात आता हा एकच शब्द,
एकाच भांड्यात सगळा स्वयंपाक करावा तसा.

मी सातवीला इंग्रजी शिकवते.
'एका शब्दाचे अनेक अर्थ', फळ्यावर लिहिते,
पोरं वहीत उतरवतात, मी पुढं सरकते.
आता शाळेची जाडी डिक्शनरी घरी आणलीय.
पावणेदोन पानं आहेत त्या चार अक्षरांना:
ओळ, रेघ, रांग, दोरी,
कपाळावरची आठी, वंश, धंदा,
नाटकातलं वाक्य, गळाचा दोरा,
आणि खाली बारीक टाइपात, आतून अस्तर लावणे.

चहा कुठंच नाही.

आमच्याकडं आहे.
सहाची लाईन म्हणजे चहा, कमी साखरेचा.
लांब ओढलेली म्हणजे पंखा बंद करा.
आखूड, ओठातच मोडलेली, म्हणजे भांडं आणा लवकर,
आणि त्यानंतर ते कुणाकडं बघत नाहीत.
रेडिओवर भाव सांगतात हळदीचे, तेव्हाची वेगळी.
डोळे मिटून म्हणतात ती
अजून लागलेली नाही आम्हाला.

मुजावर मॅडम चित्रं दाखवतात, केळं, गाय, छत्री.
लाईन. लाईन. लाईन.
'शब्द आत असतात हो,' त्या म्हणतात,
'वाट तुटलेली असते मधेच कुठंतरी.'
अण्णा हसले तेव्हा, अर्ध्या तोंडानं.
रात्रीच्या पावसात बॅटरी घेऊन
खांबामागून खांब फॉल्ट हुडकत गेलेला माणूस,
त्याला काय सांगायचं हे.

एकदा भिंतीकडं बोट केलं त्यांनी. लाईन.
तिथं एकोणीसच्या पुराची रेघ आहे,
माझ्या खांद्याएवढी. दोनदा रंग दिला, वर येतेच.
शब्द आणि वस्तू जुळली पहिल्यांदा!
आम्ही टाळ्या वाजवल्या, धाकट्यानं मॅडमना फोन लावला.
अण्णा असे चिडले की उशी फेकली डाव्या हातानं.
संध्याकाळी आईच्या लक्षात आलं,
रेघेच्या वर घड्याळ होतं. बंद पडलेलं.

कल्लाप्पा येतो महिन्यातून, त्यांचा हेल्पर.
स्टूल ओढून बसतो, तासभर दोघं बोलतात.
'कुठली, औदुंबर फाट्याची?'
'लाईन.'
'तीच की. तुम्ही म्हणाला जिवंत हाय,
मी म्हटलं मेली, हात लावणार हुतो मी.'
'लाईन!'
'तर काय. तुमच्यामुळं नातू बघितला मी.'
हे कधी झालं, आम्हाला ठाऊकच नव्हतं.

परवा वीज गेली. गल्लीत कुणीतरी नेहमीचं ओरडलं.
आई परसात होती, मी काडेपेटी शोधत होते,
आणि अंधारात अण्णा म्हणाले, लाईन.
हळू. चहाची नव्हे, पंख्याची नव्हे.
मला वाटलं, वीज गेली म्हणताहेत.

आई परसातनं म्हणाली, 'ओ. आले.'

एक्केचाळीस वर्षं 'अगं'वर भागवलं त्यांनी,
'ऐकलंस का'वर, नुसत्या खाकरण्यावर.
ती आली, त्यांच्या पायाशी बसली, काही बोलली नाही.
डोळे मिटलेले होते का ते
अंधारात मला दिसलं नाही.

वीज आल्यावर डिक्शनरी उघडली
आणि अस्तराच्या खाली, समासात,
पेन्सिलीनं लिहिलं: पद्मावती.

शाळेची आहे. परत देताना खोडायला लागेल.